थव्याच्या आधाराने

तुळशीचं लग्न लागेपर्यंत बडोदं थंडीवर विश्वास ठेवत नाही. दुपारी पंखे फिरत असतात, उसाच्या रसाचे गाडे रस्त्यावर उभे असतात. मग कार्तिक सरता सरता एका रात्री वारा फिरतो. पावागडाच्या अंगाने कोरडा, किंचित धुळकट वासाचा ईशान्येचा वारा शहरात शिरतो. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांतून ट्रंका उघडल्या जातात, शालींना ऊन दाखवलं जातं. आणि शहर गाढ झोपलेलं असताना त्याच्या गच्च्यांवरून, पाण्याच्या टाक्यांवरून, राजवाड्याच्या मनोऱ्यावरून काही प्रवासी पुढे निघून जातात.

ते दिसत नाहीत, क्वचित ऐकू येतात. अंधारात खूप उंचावरून अनुनासिक, घोगरी हाक येते, थोड्या अंतरावरून तिला दुसरी हाक उत्तर देते, आणि पुन्हा काही नाही. खाली कुत्री भुंकत असतात, एखादी मोटारसायकल जाते. वर हिमालय ओलांडून आलेल्या पाखरांची ओळ दक्षिणेकडे सरकत असते.

बडोदं समुद्रकाठचं शहर नाही, पण समुद्र त्याच्यापासून फार लांबही नाही. उत्तरेला मही, दक्षिणेला नर्मदा, मध्ये विश्वामित्री आणि ढाढर. या साऱ्या नद्या पश्चिमेला खंभातच्या आखाताकडे जातात. नद्यांमधली जमीन सपाट, काळी, पाणी धरून ठेवणारी आहे. त्या जमिनीवर गावोगावची तळी, कालवे, भाताची खाचरं आणि आखाताकाठचा मैलोन्‌मैल चिखल. मध्य आशियातून दक्षिणेकडे उतरणाऱ्या पाखरांना आणखी काय हवं? उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रापासून हिंदी महासागरातल्या बेटांपर्यंत पसरलेला जो हवाई रस्ता पक्षिशास्त्रज्ञ ‘मध्य आशियाई उड्डाणमार्ग’ म्हणून ओळखतात, त्यावरचा हा एक जुना मुक्काम आहे.

या मुक्कामातलं सर्वांत मानाचं ठिकाण म्हणजे वढवाणा. बडोद्याहून डभोईला जायचं आणि तिथून पुढे. ही वाट मराठी माणसाला अनोळखी नाही. टेंबे स्वामींच्या समाधीच्या दर्शनाला गरुडेश्वरला जाणारी बडोद्याची कुटुंबं डभोईवरूनच जातात. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्यांना जवळचं चांदोद आणि समोरचं करनाळी पाठ असतं. इतिहास वाचणाऱ्याला डभोई म्हटलं की १७३१ सालचा एप्रिल आठवतो. याच परिसरात बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे एकमेकांसमोर उभे ठाकले, आणि सेनापती पडले. आज त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कपाशी, एरंड आणि तूर उभी असते. पहाटेच्या धुक्यात एरंडाची पानं ठिबकत असतात.

वढवाण्याचं तळं निसर्गाने दिलेलं नाही, ते माणसांनी बांधलं. १८९९-१९००चा छप्पनिया दुकाळ गुजरातने कधी विसरला नाही. विक्रम संवत १९५६ मध्ये पडला म्हणून छप्पनिया. १८९१च्या खानेसुमारीत बडोदा संस्थानची लोकसंख्या चोवीस लाखांच्या वर होती. १९०१च्या खानेसुमारीत ती साडेएकोणीस लाखांवर आली होती. दर पाच माणसांमागे जवळजवळ एक माणूस हिशेबातून गेला होता. गादीवर सयाजीराव तिसरे होते, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक आलेले. दुष्काळानंतरच्या दशकात संस्थानने ओरसंग नदीवर जोजव्याला बंधारा घातला, तिथून कालवा काढला आणि १९१०च्या सुमाराला वढवाण्याच्या सखल जमिनीत पाणी साठवलं. ओरसंग पावसाळ्यात दुथडी वाहते आणि एरवी नुसती वाळू दाखवते. तिचं चार महिन्यांचं पाणी बारा महिने पुरवायचं, एवढाच त्या कामाचा उद्देश होता.

त्या आराखड्यात पक्षी कुठेच नव्हते. पाळ किती उंच असावी, किती एकरांना पाणी पोहोचावं, याचा विचार तेव्हाच्या अभियंत्यांनी केला. ताशी किती बदकं उतरतील याचा विचार करायचं त्यांना कारण नव्हतं. पण पाणी एकदा थांबलं की ते फक्त मालकाचं राहत नाही. काठाला लव्हाळे आले, तळाशी पाणवनस्पती वाढल्या, मासे आले, शंख-शिंपले आले. आणि कधी तरी, ज्याची नोंद कुणी ठेवली नाही अशा एका हिवाळ्यात, वरून जाणाऱ्या एखाद्या थव्याने खाली चमकणारं हे नवं पाणी पाहिलं असणार. २०२१ साली वढवाण्याला रामसर कराराखालच्या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांमध्ये स्थान मिळालं. शेतकऱ्यासाठी केलेल्या कामाला शंभर-सव्वाशे वर्षांनी पाखरांच्या नावाने मान मिळाला. दुष्काळाच्या भीतीतून जन्मलेल्या एका तळ्याच्या वाट्याला यापेक्षा मोठं पुण्य काय यावं?

तळ्याचं घड्याळ शेतीच्या घड्याळावर चालतं. पावसाळ्याच्या शेवटी पाणी काठोकाठ असतं, तेव्हा पक्षी कमी. गहू-हरभऱ्याला पाणी सुटू लागलं की पातळी इंचाइंचाने खाली जाते आणि प्रत्येक इंच कुणासाठी तरी दार उघडतो. खोल पाण्यात बुडी मारणारी बदकं असतात. पातळी उतरली की ज्यांना फक्त मान बुडवून शेपूट आभाळाकडे करायची असते अशी तलवार बदकं, चक्रांग आणि भुवई बदकं काठाजवळ येतात. थापट्या आपली पसरट चोच पाण्याच्या पृष्ठावरून गाळणीसारखी फिरवत जातो. आणखी उतरलं की चिखल उघडा पडतो, मग शेकाटे, तुतवार, पाणटिवळे. ज्याची चोच जेवढी लांब, तेवढा खोल चिखल त्याचा. एकाच तळ्यावर इतके पोटार्थी जीव एकमेकांचा घास न हिसकावता कसे नांदतात, हे कोडं काठावर बसून पाहिलं की थोडं थोडं उलगडतं.

मार्गशीर्षातली पहाट असावी. पाळीवर चढलं की पहिल्यांदा काही दिसत नाही, फक्त आवाज येतो. अडई बदकांची शीळ, वारकरी पक्ष्यांचे तुटक हुंकार, पाण्यावर पंख आपटल्याचा सपसप आवाज. धुकं पाण्यापासून हातभर वर तरंगत असतं. मग पूर्वेकडे आभाळ तांबूस होतं आणि धुक्यामागचा काळा पट्टा हलू लागतो. तो पट्टा काठ नसतो, तो थवा असतो. हजारो वारकरी, काळेभोर अंग आणि कपाळावर शुभ्र टिळा. त्यांच्यामध्ये गडवाल, लालसरी, नकटे, हळदीकुंकू. कडेला चक्रवाकांची जोडी, केशरी अंगावर पहिलं ऊन घेत उभी. जुन्या कवींनी या जोडीला रात्रीचा विरह दिला आणि दोन काठांवरून एकमेकांना हाका मारायला लावलं. लडाख-तिबेटच्या थंड सरोवरांकाठी घरटी करून ती इथवर एकत्र येतात. विरह असलाच तर तो त्यांना इथून जाताना पाहणाऱ्याला होत असावा.

आणि मग वरून ते येतात, रात्री ज्यांची नुसती हाक ऐकली होती ते. पट्टकादंब. राखी अंग, पांढरं डोकं, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. शेतातून रात्रीचा चारा आटोपून ते दिवसाच्या विश्रांतीला तळ्यावर उतरतात. उतरताना आधी लांबलचक रांग दिसते, तळ्यावर आल्यावर ती मोडते, काही पक्षी अंगाला हेलकावे देत उंची सोडतात, पाय पुढे येतात आणि पाण्यावर रेघा उमटतात. क्षणभर सगळा थवा बोलत असतो. मग पंख मिटतात.

तिबेटचं पठार आणि मंगोलियाची सरोवरं हे यांचं माहेर. भारतात यायचं तर मध्ये हिमालय आहे, आणि ते त्याला वळसा घालत नाहीत. पाठीवर उपग्रह-यंत्रं बसवून या हंसांचा माग काढला गेला तेव्हा एका पक्ष्याची सुमारे ७,२९० मीटर उंची नोंदली गेली. पण अधिक थक्क करणारी गोष्ट पुढच्या अभ्यासात कळली. हे पक्षी एकदम उंच जाऊन सरळ रेषेत उडत नाहीत. डोंगर वर गेला की वर जातात, दरी आली की मिळवलेली उंची सोडून खाली उतरतात, पुन्हा चढतात. विरळ हवेत पंख मारायला ताकद फार लागते, म्हणून जमिनीच्या अंगाअंगाने जाणंच त्यांना परवडतं. त्यासाठी बहुधा रात्रीची आणि पहाटेची थंड, जड हवा ते निवडतात. त्यांच्या रक्तातला लाल घटक प्राणवायूला अधिक घट्ट धरतो, उडण्याच्या स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट असतं. गिर्यारोहक जिथे दोन पावलं टाकून थांबतो, तिथे हा तीन किलोंच्या आतबाहेरचा जीव रात्रभर पंख मारत राहतो आणि काही दिवसांनी डभोईच्या रानात हरभऱ्याचे कोंब खुडतो.

त्या हरभऱ्याचा मालकही असतो, हे विसरून चालणार नाही. तळ्याकाठच्या एका वयस्कर शेतकऱ्याशी बोलत होतो. मी हंसांचं कौतुक करत होतो, ते ऐकून घेत होते. शेवटी गुजरातीत एवढंच म्हणाले, “भाई, हंस तुमचे आणि चणा माझा.” त्यावर उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळाने तेच मला बांधाबांधाने घेऊन गेले आणि रात्रीच्या चरण्याच्या खुणा, ओल्या मातीत उमटलेली पडद्याच्या पायांची नक्षी, त्यांनी स्वतः दाखवली. तक्रार आणि अगत्य या दोन्ही गोष्टी एकाच माणसात शेजारी शेजारी राहू शकतात. तळी टिकतात ती अशा माणसांमुळे.

वढवाण्याला लोक दुर्बिणी घेऊन येतात ते मुख्यतः दुर्मिळ पक्ष्यांच्या ओढीने. त्यात गैर काही नाही. इथे मोठी लालसरी हिवाळ्यात नेमाने येते. पश्चिम भारतात एरवी सहसा न दिसणारं हे बदक आहे. नराचं डोकं भगवट सोनेरी, फुगीर, आणि चोच पोवळ्यासारखी लाल. सूर्य मागून आला तर त्याच्या डोक्याभोवती प्रभावळ दिसते. पांढऱ्या डोळ्यांचं, गर्द तांबूस ‘फेरुजिनस’ बदक येतं. ते लाजाळू, लव्हाळ्याच्या सावलीत राहणारं. डाल्मेशियन झोळीवाला येतो, जगातल्या सर्वांत मोठ्या पाणपक्ष्यांपैकी एक. राखी डोक्याच्या मत्स्यगरुडाची नोंद आहे. आणि या यादीत सर्वांत वरचं नाव पल्लासच्या मत्स्यगरुडाचं.

रशियाच्या सेवेत असलेल्या पीटर सायमन पल्लास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात याचं वर्णन पहिल्यांदा केलं. गडद तपकिरी अंग, फिकट सोनेरी मान, काळ्या शेपटीवर आडवा रुंद पांढरा पट्टा. जगभरात याचे प्रौढ पक्षी आता एक ते अडीच हजारांच्या घरात उरले असावेत, असा अंदाज आहे. याचं वेळापत्रक उलटंच आहे: काही पक्ष्यांना लावलेल्या यंत्रांतून दिसलं, की उत्तर भारतात हिवाळ्यात वीण उरकून ते उन्हाळा मंगोलियातल्या सरोवरांवर काढतात. बाकीची पाखरं उत्तरेला पिलं वाढवून इथे विश्रांतीला येतात, हा इथे संसार करून तिकडे विश्रांतीला जातो.

असा गरुड तळ्यावर आला, हे कसं कळतं? आभाळाकडे पाहून कळतच असं नाही. बहुधा ते पाण्याकडे पाहून कळतं. निवांत चरणारे वारकरी अचानक एकत्र सरकतात, घट्ट गोळा होतात. बदकांच्या माना एका दिशेला वळतात. तळ्याच्या एका टोकाकडून उठलेली खळबळ पंखांच्या आवाजासह दुसऱ्या टोकाला पोहोचते. दलदली भोवत्या हा नेहमीचा शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून गेला तर थवा इतका बिचकत नाही. थोडा हलतो, पुन्हा खाऊ लागतो. हा मात्र वेगळा कुणीतरी आहे, हे हजारो डोळ्यांनी आधी ओळखलेलं असतं. मग आपण वर पाहतो.

इथेच मला पक्षिनिरीक्षणाचं मर्म वाटतं ते सांगावंसं वाटतं. दुर्मिळ पक्षी एकटा कधीच येत नाही. तो दिसायला एकटा असेल, पण त्याच्या येण्यामागे सामान्यांची फार मोठी गर्दी उभी असते. गरुड येतो कारण मासे आहेत आणि वारकरी आहेत. लाजाळू तांबूस बदक या पाण्यावर विसावतं कारण आजूबाजूला हजार जणांचा पहारा आहे. एवढ्या डोळ्यांमध्ये आपले दोन मिटले तरी चालतात, हे त्याला ठाऊक असतं. गडवाल तर वारकऱ्याच्या मागे मागेच फिरतं. वारकरी बुडी मारून तळाची हिरवी वनस्पती वर आणतो आणि गडवाल ती त्याच्या चोचीतून ओढून घेतं. खोल पाण्यातलं अन्न अशा रीतीने पृष्ठावरच्यांना मिळतं. ज्याच्याकडे कुणी दुर्बीण वळवत नाही, ज्याचं नाव यादीत केवळ भर म्हणून लिहिलं जातं, त्या काळ्या पाखराच्या कष्टावर तळ्याचं अर्धं वैभव चालतं.

आणि दुर्मिळ म्हणजे तरी कोण? छोटी लालसरी ही एके काळी भारतातल्या तळ्यांवरची अगदी नेहमीची पाहुणी. तिच्या थव्यांवर बंदुका चालायच्या आणि तरी थवे संपत नव्हते. २०१५ साली तिला जगाच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदवावं लागलं. ती आजही वढवाण्याला येते, अजूनही ‘नेहमीची’ वाटते. पण नेहमीचं ते कायमचं असं नसतं. सायबेरियन क्रौंच भरतपूरला दर हिवाळ्याला येत. शेवटची जोडी २००१-०२च्या हिवाळ्यात आली आणि त्यानंतर कुणीच आलं नाही. ते क्रौंच आधी मोजकेच उरले, मग प्रसिद्ध झाले, मग छायाचित्रांत राहिले. दुर्मिळ होणं ही पाखराची पदवी नव्हे, ती उतरण आहे. तिच्या वरच्या पायरीवर आज जे उभे आहेत, त्यांना आपण सामान्य म्हणतो.

पाखरांची नोंद ठेवायला हवी, ही जाणीव या देशात बंदूक धरणाऱ्या हातांनाच आधी झाली, हाही एक योगायोग. बडोद्याच्या पूर्वेला माळव्यात धारचं मराठी संस्थान. तिथल्या महाराजांनी १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने रानबदकं पकडून त्यांच्या पायांत कड्या घालून सोडायला सुरुवात केली. कडी सापडल्यास मुंबईला कळवा, एवढाच निरोप त्या ॲल्युमिनियमच्या वळ्यावर. भारतातल्या पक्षिवलय-कामाचा तो पहिला अध्याय. तोवर बदक कुठून येतं या प्रश्नाला ‘उत्तरेकडून’ एवढंच उत्तर होतं. त्या कड्यांनी त्या उत्तराला गावांची नावं द्यायला सुरुवात केली. पुढे १९४०च्या दशकात बडोदा संस्थानच्या पाठबळाने सालिम अली यांनी गुजरातच्या पक्ष्यांची पाहणी केली. तिचे लेख १९५४-५५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. ज्या दरबारांत शिकारीचे आकडे भिंतीवर मिरवले जात, त्याच दरबारांच्या पैशातून पाखरांच्या वह्या भरल्या गेल्या. आज बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले विद्यार्थी त्याच तळ्यांवर उभे राहून पाण्याची खोली, वनस्पती आणि थवे यांचा मेळ घालत असतात. वही तीच, पानं पुढची.

वढवाणा झाला की एकदा पश्चिमेला जावं, मही जिथे समुद्रात विरते तिथे. जंबुसर तालुक्यातल्या कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आहे. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी येऊन ते बुडवतं आणि दोनदा मोकळं करतं. खंभातच्या आखाताचं तोंड रुंद आणि आतला भाग चिंचोळा असल्यामुळे इथे समुद्र फार उंच चढतो. समोरच्या काठावर भावनगरजवळ भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो. दर्शनाला आलेले लोक पाणी कधी येणार याकडे डोळे लावून बसतात. पाखरं पाणी कधी जाणार याची वाट पाहतात. ओहोटी लागली की मैलभर चिखल उघडा होतो, राखाडी, चकचकीत, लाखो बारीक जिवांनी भरलेला, आणि त्यावर किनारी पक्ष्यांचे थवे उतरतात. काळ्या शेपटीचे पाणटिवळे लांब सरळ चोची मुळापर्यंत रुतवतात. उचाट्या आपली वर वळलेली चोच डावीकडून उजवीकडे झाडत चालतो. दूर, जिथे चिखल आणि आभाळ यांच्यातली रेषा पुसट होते, तिथे रोहितांची गुलाबी रेघ.

तळ्याला पाळ असते, माणूस असतो, पाणी सोडण्याचं चाक असतं. आखाताला यातलं काही नाही. इथे पाण्याचं वेळापत्रक चंद्राच्या हाती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. हजारो वर्षं पाखरांनी ते पाठ केलं आहे. जेवणाची वेळ रात्री आली तर रात्री जेवायचं, दुपारी आली तर दुपारी. इथल्या चिखलावर उभा असलेला एखादा दुर्मिळ तुतवार शेजारच्या शेकडो साध्या तुतवारांत इतका मिसळलेला असतो, की तो शोधायचा तर त्या शेकड्यांतला प्रत्येक जण नजरेखालून घालावा लागतो. पायाचा रंग, चोचीची वाकण, पंखाच्या कडेची रेघ. हेच करता करता लक्षात येतं, की ज्यांना आपण एकसारखे समजत होतो त्यांतले दोन एकसारखे नाहीत.

शहरालाही या पाहुण्यांचा वाटा मिळतो. कमाटी बागेतल्या जुन्या झाडांवर संध्याकाळी गलका वाढतो. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्या गुजरातच्या शहरांवर थव्यांनी फिरतात आणि मावळतीच्या आभाळात धुराच्या आकृत्या काढतात. विश्वामित्रीच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, त्यांच्यापासून चार हातांवर धोबी पक्षी शेपूट हलवत किडे टिपत असतो. पण याच दिवसांत उत्तरायण येतं. १४ आणि १५ जानेवारीला सारं बडोदं गच्चीवर असतं. उंधियू, जिलबी, चिक्की आणि आभाळभर पतंग. काच लावलेला मांजा पाखराला दिसत नाही. पहाटे खायला निघालेले आणि संध्याकाळी रातथाऱ्याला परतणारे शराटी, बगळे, करकोचे, घारी त्यात सापडतात. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली. उत्तरायणाच्या काळात गुजरात सरकारचं ‘करुणा अभियान’ चालतं. जखमी पक्ष्यांसाठी उपचार केंद्रं उघडतात, तरुण मुलं खोकी घेऊन रात्री उशिरापर्यंत धावत असतात. पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास पतंग उडवू नका, एवढंच त्यांचं मागणं. दिवसाच्या मधल्या साऱ्या तासांवर आपला हक्क मान्य करून पाखरांसाठी दोन्ही टोकांचे तास मागणारी ही मागणी किती थोडकी आहे!

त्या केंद्रांत आलेल्या पाखरांतही दुर्मिळ क्वचितच असतात. बहुतेक कबुतरं, घारी, बगळे, शराटी. कुणी छायाचित्र काढायला धावत नाही. एखादा जनावरांचा डॉक्टर टेबलावरच्या घारीच्या पंखातला दोरा एक एक वेढा सोडवत असतो आणि बाहेर रांग असते. पक्ष्यांवरचं प्रेम कशाला म्हणतात हे पाहायचं असेल तर मला ती रांग तळ्याकाठच्या कुठल्याही दुर्बिणीपेक्षा अधिक बोलकी वाटते.

जानेवारीतच आशियाभर पाणपक्ष्यांची मोजणी होते. १९८७ पासून दर वर्षी हौशी आणि अभ्यासक मिळून आपापल्या तळ्यांवर उभे राहतात. या मोजणीची रीत मला फार आवडते. तिच्यात कुणाला वगळायची मुभा नाही. तक्त्यात गरुडासाठी एक ओळ असते आणि वारकऱ्यासाठीही एकच ओळ असते. एक मोजायला क्षण पुरतो, दुसऱ्याला अख्खी सकाळ लागते, आणि ती सकाळ वाया गेली असं तिथे कुणी म्हणत नाही.

होळीच्या आसपास तळ्यातलं पाणी खूप खाली जातं. गव्हाला शेवटचं पाणी देऊन झालेलं असतं. पट्टकादंब अस्वस्थ होतात, संध्याकाळी उडून एक फेरी मारतात, परत बसतात, पुन्हा उडतात. एके दिवशी परत बसत नाहीत. तेव्हा तळ्यात किती पाणी राखायचं, लव्हाळे कापायचे की ठेवायचे, काठावर शेती किती पुढे सरकू द्यायची, हे प्रश्न माणसांचे असतात आणि त्यांची उत्तरं पाखरांना पुढच्या कार्तिकात कळतात. ती उत्तरं गरुडाला डोळ्यांसमोर ठेवून दिली तर चुकण्याचा संभव फार. गरुड येईल किंवा न येईल. वारकऱ्याला पुरेल एवढं पाणी, चक्रांगाला पुरेल एवढी उथळ कड, तुतवाराला पुरेल एवढा चिखल आणि शेतकऱ्याला त्याच्या चण्याचा मोबदला, हे साधलं तर बाकीचं आपोआप येतं.

म्हणून पुढच्या हिवाळ्यात वढवाण्याला जाणाऱ्याने यादीतली मोठी नावं शोधत पाळीवर चढू नये. आधी वारकरी मोजावेत. कंटाळा येईपर्यंत मोजावेत, आणि कंटाळा आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. मोजता मोजता एखादं भगवं डोकं किंवा पांढऱ्या पट्ट्याची शेपूट नजरेला पडली, तर हात जोडावेत. नाही पडली, तरी ज्यांच्या आधाराने ती उद्या येणार आहे ते सगळे अजून जागेवर आहेत, ही खबर घेऊन घरी यावं. एका पाणथळ जागेबद्दल याहून चांगली खबर दुसरी असू शकत नाही.